वाचनपूर्व तयारी : एका शैक्षणिक कल्पनेचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या मुलास वाचन शिकविण्यास केव्हा आरंभ करावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वयाचा वाटतो. पाचवे वर्ष की सहावे, एवढाच निर्णय करावयाचा आहे, अशी पालकांची आणि पुष्कळदा शिक्षकांचीही समजूत असते. परंतु थोडा खोलवर विचार केला म्हणजे या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आढळतो. मूल वाचनास ‘तयार’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तयारी या शब्दाने आपणांस नेमके काय अभिप्रेत असते?

या शब्दाचे दोन अर्थ संभवतात. आंबा अढीत पिकतो तशी कालांतराने आपोआप येणारी पक्वता, हा एक अर्थ. पेरणीपूर्वी जमिनीची जी मशागत करावी लागते ती, हा दुसरा. पहिला अर्थ स्वीकारला तर शिक्षकाचे कर्तव्य वाट पाहण्याचे ठरते आणि मूल मागे राहिल्यास दोष त्याच्या अपक्वतेकडे जातो. दुसरा अर्थ स्वीकारला तर शिक्षकाचे काम मूल उंबऱ्यावर येण्यापूर्वीच सुरू झालेले असते, आणि मूल मागे राहिल्यास प्रथम मशागतीची चौकशी करावी लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रात या कल्पनेला शास्त्रीय रूप मिळाले ते पहिल्या अर्थाने. पुढे तिच्यावर जे आक्षेप निघाले त्यांनी दुसऱ्या अर्थाला पुष्टी दिली. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घ्यावयाचा आहे, आणि त्याच्या शेजारी महाराष्ट्रातील अनुभव ठेवून पाहावयाचा आहे. मुलांविषयीच्या कणवेतून जन्मलेली ही कल्पना मोजमापाच्या हाती गेल्यावर मुलालाच अडविणारी कशी ठरली, आणि तिचा उपयुक्त अंश कोणता, हे त्यातून स्पष्ट व्हावे अशी अपेक्षा आहे.

२. धूळपाटी आणि बिगरी

इंग्रजी अंमलापूर्वीच्या आणि त्याच्या आरंभीच्या काळातील आपल्या पंतोजींच्या शाळांत वाचनपूर्व तयारी अशी स्वतंत्र कल्पना नव्हती. साधारणतः पाचव्या वर्षी सुमुहूर्त पाहून विद्यारंभ होई. लाकडी पाटीवर धूळ पसरून पंतोजी अक्षर काढून देत आणि मूल ते पुनःपुन्हा गिरवी. ‘ओनामा’ हा शब्द मराठीत कोणत्याही आरंभाचा वाचक झाला तो या पहिल्या पाठामुळेच. धुळाक्षरे वळली की मग बोरू, दौत आणि कित्ता यांची पाळी येई. अंकांची उजळणी, पाढे, पावकी, निमकी यांचा परवचा सायंकाळी सर्वांनी मिळून मोठ्याने म्हणावयाचा असे.

या पद्धतीतील काही गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट अशी की, येथे लेखन आधी आणि वाचन मागून येत असे. मूल डोळ्याने अक्षर ओळखण्यापूर्वी बोटाने त्याचे वळण शिके आणि त्याच वेळी तोंडाने त्याचा उच्चार करी. दुसरी गोष्ट, घोकण्याला या शाळेत जेवढे स्थान होते तेवढे अर्थाला नव्हते. मुलाला कळेल आणि आवडेल असा छापील मजकूर त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. मुंबईत १८२२ साली स्थापन झालेल्या शाळापुस्तक मंडळीच्या, म्हणजे पुढील काळातील बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या प्रयत्नांनी ही उणीव हळूहळू भरून येऊ लागली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही १८२८ मधील पुस्तके या प्रयत्नांचेच फळ होत. तिसरी गोष्ट अशी की, दैनंदिन व्यवहाराची मोडी आणि ग्रंथांची बाळबोध अशा दोन लिपी तेव्हा शेजारी शेजारी नांदत होत्या. देवनागरीला मराठीने ‘बाळबोध’ म्हणावे, बाळालाही बोध होईल अशी म्हणून तिची ओळख ठेवावी, यात अक्षराच्या सुगमतेविषयीची एक जाण व्यक्त होते.

धूळपाटीच्या संबंधात एका ऐतिहासिक प्रसंगाचा निर्देश केला पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेतील मुले वाळूत बोटांनी अक्षरे गिरवीत असलेली पाहिली आणि तीच रीत आपल्या आश्रमात सुरू केली. आपल्या प्रयोगाचा वृत्तांत त्यांनी १७९७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध केला. पुढे इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांत वाळूच्या तबकावर अक्षरे काढणारी मुले दिसू लागली, त्याचे मूळ अंशतः या प्रसंगात आहे. आपल्याकडे जी वस्तू दारिद्र्याचे लक्षण मानली जात होती तिच्यातील अध्यापनगुण परक्या दृष्टीस प्रथम जाणवला.

पंतोजींच्या शाळेचे गुणगान करणे हा येथे हेतू नाही. तेथे छडीचा धाक होता. मुलींना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना तिची दारे बंद होती. मात्र त्या शाळेचे एक वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तेथे प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाई. एकाची धुळाक्षरे तीन महिन्यांत वळत, दुसऱ्याला वर्ष लागे. पण त्यामुळे दुसरा ‘नापास’ होत नसे, कारण नापास होण्यासाठी लागणारी इयत्ताच तेथे नव्हती. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते अस्तित्वात आले. त्यानंतर इयत्तांची उतरंड, ठरीव क्रमिक पुस्तके आणि वार्षिक परीक्षा या गोष्टी रूढ होत गेल्या, आणि मुलाची गती ही खात्याच्या दृष्टीने एक अडचण बनली. पहिल्या इयत्तेच्या आधी अक्षरओळखीसाठी जो वर्ग असे त्यास मराठीत ‘बिगरी’ हे नाव पडले. बिगरी हा एक प्रकारे तयारीचाच वर्ग होता. तथापि त्या वर्गाचे काम बव्हंशी मुळाक्षरे आणि बाराखडी घोटून घेणे एवढेच राहिले. मुलास अक्षरे का शिकावयाची हे कळण्यापूर्वीच ती पाठ करावी लागत.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की, ‘हे मूल वाचनास तयार नाही’ हे विधान इयत्तांची शाळा निर्माण झाल्यानंतरच अर्थपूर्ण ठरते. सर्वांनी एकाच महिन्यात एकाच पानावर असले पाहिजे, अशी अट घातली की काही मुले अतयार ठरणे अपरिहार्य होते. पुढे अमेरिकेत नेमके हेच घडले.

३. मानसिक वयाचे मोजमाप

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतील सार्वत्रिक शाळांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. पहिल्या इयत्तेत अनुत्तीर्ण होणाऱ्या मुलांची संख्या मोठी होती आणि त्यांच्या अपयशाचे प्रमुख कारण वाचन हे असे. सहा वर्षांच्या मुलाने आपल्या शालेय आयुष्याचा आरंभच अपयशाने करावा, ही गोष्ट विचारी शिक्षकांना असह्य वाटू लागली. लहान मुलांवर वाचनाचा भार फार लवकर टाकला जातो, असे मत जॉन ड्यूई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच मांडले होते. १९२५ मध्ये विल्यम ग्रे यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय वाचन समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात वाचनाच्या प्रत्यक्ष पाठापूर्वी तयारीचा एक कालखंड असावा, या विचारास अधिकृत मान्यता मिळाली. समितीची दृष्टी व्यापक होती. मुलाचा अनुभव, त्याची बोली, शब्दसंपत्ती आणि पुस्तकाविषयीची उत्सुकता यांचा समावेश ती तयारीत करीत होती.

परंतु त्याच सुमारास बुद्धिमापनाच्या कसोट्यांचा मोठा बोलबाला झाला होता, आणि आर्नोल्ड गेसेल यांच्या प्रभावाने बालविकास म्हणजे आतून उलगडत जाणारी पक्वता, ही उपपत्ती प्रबळ झाली होती. या वातावरणात १९३१ साली मेबल मॉर्फेट आणि कार्लटन वॉशबर्न यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. वॉशबर्न हे शिकागोनजीकच्या विनेट्का या सधन उपनगरातील शाळांचे प्रमुख होते. तेथील पहिल्या इयत्तेतील १४१ मुलांचे मानसिक वय मोजून त्यांनी त्याची तुलना मुलांच्या वाचनातील प्रगतीशी केली. साडेसहा वर्षे मानसिक वय गाठलेली मुले वाचनात समाधानकारक प्रगती करतात, यासाठी त्या वयापर्यंत वाचनाचा आरंभ लांबविल्यास अपयश पुष्कळ कमी होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता.

हा निष्कर्ष एका गावातील, एका विशिष्ट पद्धतीने शिकविल्या जाणाऱ्या मुलांपुरता होता. तरीसुद्धा ‘साडेसहा’ हा आकडा पुढे कित्येक वर्षे शिक्षक-प्रशिक्षणाच्या पुस्तकांत नियमासारखा वावरत राहिला. त्याची कारणे समजण्याजोगी आहेत. आकडा सुटसुटीत होता, तो शास्त्राच्या नावाने आला होता, आणि मुख्य म्हणजे त्यामुळे शाळेची सुटका होत होती. अपयशाची कारणे वर्गातील गर्दी, नीरस पुस्तके, शिक्षकाची अपुरी तयारी यांत शोधण्याचे प्रयोजन उरत नव्हते. याच काळात तयारीच्या प्रमाणित कसोट्याही छापून मिळू लागल्या. चित्रांतील साम्यभेद ओळखणे, आकृती उतरविणे, सूचना ऐकून खूण करणे अशा प्रश्नांच्या आधारे मुलांची विभागणी होऊ लागली. जी मुले अतयार ठरत त्यांना पुस्तकापासून दूर ठेवून चित्रांच्या कार्यपुस्तिकांत गुंतविले जाई. ज्या घरात पुस्तके नव्हती, किंवा ज्या घराची भाषा शाळेच्या भाषेहून निराळी होती, तेथील मुलाला ही प्रतीक्षा सर्वांत जाचक होती, हे उघड आहे; कारण त्याला अक्षराची संगती शाळेखेरीज अन्यत्र मिळण्याचा संभव नव्हता. त्याच्या हितासाठी योजलेल्या उपायाने त्याचेच अंतर वाढत होते.

४. आक्षेप आणि पुनर्विचार

या मताचा पहिला मर्मग्राही प्रतिवाद फार लवकर झाला, पण त्याचा परिणाम मात्र उशिरा झाला. आर्थर गेट्स यांनी १९३७ मध्ये वेगवेगळ्या परिस्थितीतील वर्गांची तुलना करून असे दाखविले की, वाचनारंभास आवश्यक असे एकच मानसिक वय सांगता येत नाही. जेथे साहित्य विपुल आणि मुलांच्या आवाक्यातील होते, जेथे शिक्षक प्रत्येक मुलाकडे लक्ष पुरवीत होता, तेथे कमी मानसिक वयाची मुलेही वाचावयास शिकत. जेथे सर्वांना एकाच साच्यातून काढले जाई तेथे अधिक वयाची मुलेही मागे पडत. म्हणजे तयारी हा एकट्या मुलाचा गुण नसून ते मूल आणि त्याला मिळणारे अध्यापन यांच्यातील नाते आहे. गेट्स यांचे हे प्रतिपादन पुढील सर्व विवेचनाचा पाया ठरले.

१९६६ हे वर्ष या इतिहासात विशेष उल्लेखनीय होय. त्या वर्षी डोलोरेस डर्किन यांनी शाळेत येण्यापूर्वीच वाचू लागलेल्या मुलांचा आपला अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ही मुले सर्वच असामान्य बुद्धीची नव्हती. त्यांच्या घरी कोणी तरी त्यांना वाचून दाखवीत होते, त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत होते आणि त्यांच्या हाती कागद व पेन्सिल देत होते. लवकर वाचू लागल्याने पुढे त्यांचे नुकसान झाल्याचेही आढळले नाही. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये मेरी क्ले यांनी आपला प्रबंध पूर्ण केला. शाळेतील पहिल्या वर्षात मुलांचे वाचन कसकसे उमलत जाते, हे त्यांनी आठवड्यागणिक निरीक्षण करून टिपले होते. ‘आधी तयारी, मग वाचन’ असे दोन वेगळे कालखंड न मानता पुस्तक उलटे की सुलटे हे ओळखण्यापासून वाचनाचा आरंभ झालेला असतो, अशी नवी दृष्टी त्यांनी दिली. पुढे १९८३ मध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी असे दाखविले की, चार-पाच वर्षांच्या मुलांची यमक व अनुप्रास ओळखण्याची शक्ती आणि त्यांचे पुढील वाचन यांचा निकट संबंध आहे, आणि ही शक्ती शिकवून वाढविता येते. याचा अर्थ असा की, तयारीच्या ज्या अंगाला खरोखर महत्त्व होते ते अंग वाट पाहण्याने नव्हे, तर गाण्यांनी, कोड्यांनी आणि शब्दांच्या खेळांनी घडत होते.

५. रोम, भावनगर, कोसबाड

विनेट्काच्या निबंधापूर्वी चोवीस वर्षे, १९०७ च्या जानेवारीत, रोममधील सान लोरेन्झो या श्रमिकांच्या वस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले होते. तेथील चार-साडेचार वर्षांची मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवीत, त्याबरोबर उच्चार करीत, आणि काही महिन्यांनी लिहू लागत. वाचन त्यानंतर येई. बोट, कान आणि उच्चार यांचा मेळ घालण्याची ही रीत धूळपाटीच्या रीतीशी किती मिळतीजुळती आहे, हे सहज लक्षात येईल. दोहोंत ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु साम्य मननीय आहे. भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. माँटेसरींच्या मुलांनी अक्षरांपूर्वी हाताची बोटे आकृत्यांच्या चौकटींवर स्थिर केलेली असत, आणि अक्षर केव्हा हाती घ्यावयाचे हे त्यांच्यावर सोपविलेले असे. सधन वस्तीतील मुलांना साडेसहापर्यंत थांबविण्याचा सल्ला एकीकडे, आणि दरिद्री वस्तीतील मुले साडेचार वर्षांची असताना लिहू लागल्याचा अनुभव दुसरीकडे, अशी ही विसंगती आहे. इटालियन भाषेचे लेखन उच्चारानुसारी आहे आणि इंग्रजीचे तसे नाही, ही बाब तिच्या उलगड्यास अंशतः उपयोगी पडते. पण मुख्य भेद मशागतीचा होता.

ही पद्धती आपल्याकडे रुजविण्याचे श्रेय प्रथम गिजुभाई बधेका यांना आहे. १९२० मध्ये त्यांनी भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेच्या आश्रयाने बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी दादर येथे शिशुविहार सुरू केला. स्वतः माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धकाळ त्यांनी येथेच व्यतीत केला. मध्यमवर्गीय मराठी घरांत बालमंदिराची कल्पना या काळात परिचित होत गेली.

परंतु या चळवळीची खरी कसोटी शहरात झाली नाही. १९४५ साली ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि त्याच वर्षी अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. सुमारे बारा वर्षांनी हे कार्य जवळच्या कोसबाड टेकडीवर नेण्यात आले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. भोवतालची वस्ती मुख्यतः वारली आदिवासींची होती. तेथील मूल कोणत्याही छापील कसोटीने ‘अतयार’ ठरले असते. त्याच्या घरी पुस्तक नव्हते, त्याची बोली पुस्तकी मराठीहून निराळी होती, धाकट्या भावंडाला सांभाळणे आणि गुरे चारणे ही कामे त्याच्याकडे होती, आणि पुष्कळदा ते उपाशी असे.

ताराबाई आणि अनुताई यांनी या परिस्थितीला दिलेले उत्तर शिक्षणाच्या इतिहासात मोलाचे आहे. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ आली. मूल गुरांमागे जाते, तर शाळा कुरणात न्यावी, म्हणून ‘कुरणशाळा’ झाली. थोरल्या बहिणीला शाळेत बसता यावे यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. माँटेसरींची महागडी साधने परवडत नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, माती या परिसरातील वस्तूंनी त्यांची जागा घेतली. मुलांना न्हाऊ घालणे, त्यांची नखे काढणे, त्यांच्याशी बोलणे, गाणी म्हणणे ही सारी कामे शिक्षिकेने केली. अनुताईंनी या वर्षांचा वृत्तांत ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात नोंदविला आहे.

येथे वाचनपूर्व तयारी ही कल्पना उलटी झालेली दिसते. मूल शाळेसाठी तयार आहे काय, असे न विचारता शाळा या मुलासाठी तयार आहे काय, असे विचारले गेले. गेट्स यांनी १९३७ मध्ये आकडेवारीने जे सांगितले होते ते कोसबाडच्या परिसरात प्रत्यक्ष व्यवहारात उतरले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजनेचा ३३ प्रकल्पांनी आरंभ झाला, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर गेले. त्यामागील अध्यापनविचार मात्र त्याच प्रमाणात गेला असे म्हणता येत नाही. पोषण आणि लसीकरण यांच्या आवश्यक कामांपुढे भाषेच्या मशागतीस अनेक ठिकाणी दुय्यम स्थान मिळाले.

६. मराठी अक्षराची मागणी

पाश्चात्त्य संशोधन जसेच्या तसे आपल्या मुलांस लागू करता येणार नाही, याचे एक कारण आपल्या लिपीत आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलापुढे सव्वीस वर्ण असतात, पण त्यांचे उच्चार अनिश्चित असतात. मराठी मुलाच्या वाट्याला उच्चारांची निश्चिती येते, पण त्याबरोबर चिन्हांचा मोठा पसाराही येतो. चौतीस व्यंजने आणि बाराखडीतील प्रत्येकी बारा रूपे धरली तर चारशे आठ अक्षरे होतात. जोडाक्षरे त्याखेरीज निराळी. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे येते, पण तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो. ‘र’ कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी अक्षराच्या पायाशी जातो. बाळबोध म्हणून गौरविलेल्या लिपीतही बाळापुढे एवढे काम असते.

सोनाली नाग यांनी कानडी मुलांच्या वाचनाचा अभ्यास करून २००७ मध्ये असे दाखविले की, अक्षरज्ञान संपादन करण्याची क्रिया पहिल्या इयत्तेत संपत नसून ती चौथ्या इयत्तेपर्यंत चालू असते. कानडी आणि देवनागरी या एकाच कुळातील लिपी असल्याने हा निष्कर्ष आपणांसही विचारार्ह आहे. मुळाक्षरांची संपूर्ण माळ आधी आणि अर्थपूर्ण शब्द नंतर, हा बिगरीचा क्रम त्यामुळे सदोष ठरतो. कारण त्यात मूल दीर्घकाळ अर्थावाचून ताटकळत राहते. ग, म, भ, न अशा आकाराने जवळच्या अक्षरांपासून आरंभ करून थोड्याच अक्षरांत शब्द बनविण्याची जी रीत मराठी शाळांत रूढ झाली, तिचे मर्म येथे आहे.

तयारीचे दुसरे अंग कानाचे. ओव्या, बडबडगीते, उखाणे आणि कहाण्या यांची जी मौखिक संपत्ती मराठी घरात, मग ते साक्षर असो वा निरक्षर, नांदत आली, तिच्यात यमक आणि अनुप्रास यांचा सराव भरपूर होता. निरक्षर आजी नातवाला अक्षर शिकवू शकत नव्हती. पण अक्षर ज्या ध्वनीचे चिन्ह आहे तो ध्वनी वेगळा करून ऐकण्यास ती त्याला नकळत शिकवीत होती. वारली, कोरकू, गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या घरांतही ही संपत्ती आहे. मात्र ती त्या त्या बोलीत आहे. शाळेने ती बोली उंबऱ्याबाहेर ठेवली की मुलाची तयारी बाहेरच राहते आणि आत येते ते रिकाम्या हातांचे मूल.

७. उपसंहार

अलीकडील धोरणांत या विषयास पुन्हा महत्त्व प्राप्त झाले आहे. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन आणि शिक्षण हा राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांचा विषय झाला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ ही वयोमर्यादा एका पायाभूत स्तरात आणली. २०२१ मध्ये निपुण भारत अभियानाबरोबर पहिलीच्या मुलांसाठी ‘विद्याप्रवेश’ नावाचा तीन महिन्यांचा, खेळांवर आधारित कार्यक्रम पुढे आला. तयारी हा शाळेच्या कामाचा भाग आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

तथापि जुनी समजूत सहज मावळत नाही. तिसऱ्या वर्षीच मुलाकडून लिहून घेण्याचा आग्रह धरणारे पालक आणि ‘याचा पायाच कच्चा आहे’ असे म्हणून मुलास मागच्या बाकावर बसविणारे शिक्षक हे परस्परविरोधी दिसले तरी एकाच चुकीचे वाटेकरी आहेत. दोघेही तयारी मुलाच्या अंगी शोधतात. या संदर्भात ‘असर’ पाहणीचे आकडे बोलके आहेत. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर उतरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांपर्यंत आले. चार वर्षांत देशातील मुलांची पक्वता घटली आणि पुढील दोन वर्षांत ती परत आली, असे कोणी म्हणणार नाही. मधल्या काळात महामारीमुळे शाळा बंद होत्या. बदलली ती मुले नव्हेत, त्यांना मिळणारे अध्यापन बदलले. आणि सर्वांत वरच्या आकड्यातही सुमारे तीनचतुर्थांश मुले बाहेर राहतात, ही गोष्ट मुलांच्या अपक्वतेवर लोटून चालणार नाही.

पक्वतेला काहीच अर्थ नाही, असा याचा आशय नव्हे. दृष्टी, श्रवण, बोटांची स्थिरता, पोटभर अन्न यांवाचून अक्षर उमटत नाही, आणि घाई केल्याने मुलाच्या मनात पुस्तकाविषयी अढी निर्माण होते. तयारीची कल्पना मांडणाऱ्या पहिल्या पिढीने हे ओळखले होते, आणि तेवढ्यापुरते त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांची चूक झाली ती मोजमापाच्या मोहाने. पंतोजींच्या शाळेतील धीम्या मुलाला त्याची धूळपाटी कोणी नाकारली नव्हती. कोसबाडच्या मुलाच्या अंगणात शाळा चालत गेली होती. पहिलीच्या वर्गात यंदा प्रथमच पाऊल टाकणाऱ्या मुलाविषयी अभिप्राय नोंदविण्यापूर्वी, त्याच्या कानाशी, बोटांशी आणि बोलीशी आपण किती दिवस काम केले, याची नोंद शिक्षकाने आधी करावी, एवढी सूचना या इतिहासातून निश्चितपणे करता येते.